लाल बाटलीवरची पाटी

आदिलाबाद,
३० ऑक्टोबर १९९३

ती. देवकाआक्कास,
वामनचा सप्रेम जय भीम.

तू रागावशील, म्हणून रागाची गोष्ट आधीच सांगून टाकतो. माय ऐकत नाही. दसरा झाल्यापासून ती आमच्याच जिनिंगमध्ये रोजानं येऊन राह्यली. पिवळा, किडका कापूस निवडून बाजूला काढायचं काम, बसून करायचं. मी काट्यावरचा कारकून, गाड्या मोजतो, अन् माझी माय हॉलमध्ये बायांच्या रांगेत! शेठनं विचारलं, "वामनराव, घर में कुछ तकलीफ है क्या?" मला तोंड लपवावंसं झालं. घरी येऊन बोललो तर म्हणते, "तू काट्यावर, सून शाळेत. मी काय भिंतीसंग बोलू दिवसभर?" तिला बसवत नाही आक्का, तुला ठाऊकच आहे.

दुसरी गोष्ट. हॉलमध्ये मधल्या खांबापाशी आग विझवायची एक लाल बाटली आहे. खाली रुंद, वर निमुळती, कमरेएवढी. दसऱ्याला सगळ्या मशिनींची पूजा झाली तशी तिचीबी झाली. मशिनींचा झेंडू वाळून गेला, पण बाटलीला रोज नवा हार चढून राह्यला. आमच्या फोरमनची, महिपतची बायको चंद्रभागा, ती हॉलमधल्या बायांची पुढारी. तिनं बाटलीला शेंदूर लावला. आता येता-जाता सगळे हात जोडतात. नव्या बायांना विचारलं, हे काय आहे, तर म्हणतात, "जिनिंगचा बाबा." वर पुढ्यात उदबत्ती! कापसात उदबत्ती! हातापाया पडून तेवढी मी बंद करवली.

मला वाटतं, तिथं पाटी पाह्यजे. ही वस्तू काय आहे ते लिहिलेली. शेठ म्हणतो, "लाल है, सबको दिखती है, पाटी काय के वास्ते?" दिसते सगळ्यांना, पण काय दिसते? माझं कामात ध्यान लागत नाही. एखाद्या दिवशी सरळ फडकं घेऊन शेंदूर पुसून टाकू का? तू सांग.

तुझा,
वामन


भीमपूर,
६ नोव्हेंबर १९९३

चि. वामनला,
अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

हसावं का रडावं, कळेना मला. मायला तिथं जाऊ दिलंस आणि वर मला शेंदूर पुसायचं विचारतोस? अकलेचं दिवाळं दिवाळीच्या आधीच निघालं तुझ्या.

नीट ऐक. त्या हॉलमध्ये आपली माणसं किती? तू आणि माय. आज तू शेंदूर पुसलास आणि उद्या कुणाचं बोट मशिनीत सापडलं, तर सगळा गाव म्हणेल की या दोघांनी देव बाटवला. तिथं तुझी नोकरी आहे, भाड्याची खोली आहे, बायको रोज त्याच रस्त्यानं शाळेत जाते. तेव्हा शेंदूर राहू दे, हार राहू दे. त्या बाटलीला तू बोट लावायचं नाहीस आणि मायनं तर मुळीच नाही. हे मायला माझ्या नावानं वाचून दाखव. माझं ती ऐकते.

पाटीचं मात्र तुझं खरं आहे. शेठला म्हणावं, धुरात लाल काय अन् काळं काय, सगळं सारखंच. पाटी उंच लाव, खांबाच्या वरच्या अंगाला. आणि नुसती अक्षरं लिहू नकोस. माझ्या वर्गातली मुलं वाचतात, पण त्यांच्या आया वाचत नाहीत. बाटलीचं चित्र काढ, खाली दाखवणारा बाण काढ.

मायला थंडीचं पांघरूण आहे का? मी एक गोधडी शिवून ठेवली आहे, दौलतची कापसाची गाडी येईल तिच्यात पाठवते. दौलत आमच्या शेजारचा, माणूस भरवशाचा आहे.

तुझी आक्का,
देवका


आदिलाबाद,
२१ नोव्हेंबर १९९३

ती. आक्कास,
स. जय भीम.

गोधडी पोचली. मायनं ती अंगावर घ्यायच्या ऐवजी खाली अंथरली, म्हणे एवढी चांगली गोधडी वापरून कशाला खराब करू. आता बोल!

तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. बाटलीचं आलं तेव्हा माझ्या तोंडाकडे पाहत राह्यली, मग म्हणाली, "मले काय करायचं हाय त्यांच्या देवाचं? छप्पन साली आपले देव पाण्यात सोडले, आता लोकांचे कुठी सांभाळू?" विषय संपला.

पाटीचं ऐक. विम्याचा साहेब हैदराबादेहून आला होता. मी धीर करून त्याला विचारलं, साहेब, इथं पाटी लावायला पाह्यजे की नाही? त्यानं हॉलच्या दारात उभं राहून पाह्यलं अन् म्हणाला, "कनपडुतुंदि कदा!" म्हणजे दिसतंय की! दिसत असेल तर पाटीची सक्ती नाही, ढिगामागं झाकली तर लावा, म्हणाला. जाता जाता हार पाहून त्यानंबी हात जोडले. मी कपाळावर हात मारला.

शेठचं आणखी निराळंच. "सीझन में अपने हाथ से दीवार पे आग का नाम लिखूँ?" जिनिंगमध्ये तो शब्द कोणी तोंडातून काढत नाही, तुला ठाऊक आहे. म्हणून शेठ नागपूरला गेला तेव्हा मी काम उरकलं. तेलाच्या डब्याचा पत्रा सरळ केला, पांढरा रंगवला, बाटली काढली, बाण काढला, मराठीत अन् हिंदीत मी लिहिलं, तेलुगूत तुझ्या भावजयीनं. 'आग विझवायची बाटली.' खांबावर उंच ठोकली.

सकाळी पाहतो तर काय? पाटीला झेंडूचा हार! हळदीकुंकू! चंद्रभागा मला म्हणते, "वामनभाऊ, तुमी तं बुद्धाचे मानसं, तरी बाबाच्या नावाची पाटी केली. लय पुण्य लागन तुमाले." आता सांग, काय बोलू? शेठ आला, पाटी पाहून डोळे वटारले, पण हार घातलेली पाटी काढायची छाती त्याचीबी झाली नाही. म्हणून ती टिकली.

तुझा,
वामन


भीमपूर,
३ डिसेंबर १९९३

चि. वामन,
जय भीम.

तुझं पत्र तुझ्या भाऊजींना वाचून दाखवलं. ते इतके हसले की ठसका लागला. मीही हसले. मग भाकरी थापता थापता हात थांबला. त्या बायांना बाटली देव वाटते आणि पाटी देवाचं नाव वाटते, तर पाटी लावून तू नेमकं काय केलंस? वर्गात फळ्यावर काही लिहिते आणि वाटतं, हे मुलांना दिसतंय, पण कळतंय का?

चित्रावर विसंबू नकोस. एकेकाला गाठून तोंडानं सांग. बाटलीची टोपी आपटायची, बाटली उलटी धरायची, पाणी सुटतं, हे हातानं करून दाखव. महिपतला आधी विश्वासात घे. तो म्हणाला तर बाया ऐकतील.

आणि एक गोष्ट तू दोन्ही पत्रांत लिहिलीच नाहीस. माय बसते कुठं? दाराजवळ की आत? संक्रांतीपर्यंत तिला तिथून उठव. मी तिला माझ्याकडे नेते. इथं कोंबड्या आहेत, नातवंडं आहेत, करमेल तिला. येत्या सहा तारखेला आमच्या समाजमंदिरात जमायचं आहे, तेव्हा सगळ्या बाया मला विचारतील, ताराबाई कशा आहेत? मी काय सांगू, जिनिंगमध्ये आहेत म्हणून?

आक्का


आदिलाबाद,
२७ डिसेंबर १९९३

ती. आक्का,
स. जय भीम.

तू सांगितलं तसं केलं. जेवणाच्या सुट्टीत महिपतनं सगळ्यांना गोळा केलं अन् मी बोललो. मी कुठं बोलणारा? पण बोललो. बाटलीला हात न लावता, रिकामा तेलाचा डबा घेऊन, अशी आपटा, अशी उलटी करा, दाखवलं. बाया खिदळत होत्या. चंद्रभागा शेवटी म्हणाली, "आमाले का ठाऊक नाही, वामनभाऊ? आतून पानी निंगते, ठाऊक हाय. पन देव बी हाय तो. दोनी हाय. तुमच्या घरी पंखा वारा देते म्हनून तुमी त्याले लाथ मारता काय?" सगळे हसले, मीबी हसलो. म्हणजे समजलं आहे, आक्का. पाटी आहे, तोंडानं सांगून झालं, आता कोणाला माहीत नाही असं राह्यलं नाही.

माय खांबाला टेकून बसते. तिथं वरच्या पत्र्यातल्या फटीतून ऊन येतं, म्हणून तिनंच जागा धरली. बाटलीच्या सगळ्यात जवळ तीच आहे. ऐकून तुझा जीव खालीवर होईल, पण मला उलट बरं वाटतं, काही झालं तर वस्तू तिच्या हाताशी आहे. संक्रांतीचं मी तिला म्हटलं. म्हणते, "देवकाले सांग, कोंबड्या राखाले मी रिकामी नाही."

कापूस यंदा लई आहे. ढीग छपराच्या कैचीला टेकले. तरी माझं चित्त थाऱ्यावर नाही. काट्यावर गाडी चढली की आकडा पाहायच्या आधी मी हॉलच्या पत्र्याकडे पाहतो. काऊन पाहतो, कोणास ठाऊक.

वामन


भीमपूर,
१९ जानेवारी १९९४

वामन,

दौलत आत्ताच गाडी घेऊन परत आला. कापूस तसाच भरलेला. म्हणाला, जिनिंगमध्ये आग लागली, गाड्या फाटकातूनच परत लावल्या, एका म्हातारीला टेम्पोत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. नाव माहीत नाही म्हणतो. लुगडं निळं होतं म्हणतो.

पोस्टातला फोन बंद आहे. आता बस नाही. दौलतचा भाऊ मोटारसायकलवर निघाला आहे, त्याच्या हाती ही चिठ्ठी देते. मी सकाळच्या पहिल्या बसनं येते. वामन, काहीही असो, खरं काय ते याच माणसाजवळ सांगून पाठव. लपवू नकोस रे बाबा माझ्यापासून.

आक्का


आदिलाबाद,
३१ जानेवारी १९९४

ती. आक्कास,
स. जय भीम.

तू गेल्यावर मायचा ताप उतरला. हाताची पट्टी एकाआड एक दिवस बदलतात. उजव्या हाताची दोन बोटं वळतील की नाही, डॉक्टर आत्ता सांगत नाही. जेवण मी भरवतो. ती मला शिव्या देते, म्हणजे सुधारत आहे.

दवाखान्यात तू मला विचारलंस, बाटली हाताशी असून मायनं हातांनी काऊन विझवलं? मी म्हटलं, घाबरली. खोटं बोललो मी. माय डोळे मिटून पडली होती, पण जागी होती, म्हणून बोललो नाही. आता लिहितो.

कापसात खडा आला होता. मशिनीत ठिणगी उडाली अन् ढिगाच्या पायाला धरलं, मायच्या समोरच. आधी ओंजळभरच होतं. बाया किंचाळत दाराकडे पळाल्या. महिपत मशिनी बंद करायला मेन स्विचकडे धावला. माय एकटी खांबापाशी. ती उठली, बाटलीकडे वळली, अन् थांबली. तिथूनच ओरडायला लागली, "या वो कोनी! तुमच्यातलं कोनी या! उचला वो!" कोणी येईना. मग तिनं अंगाखालचं पोतं ओढलं, पोत्यानं बडवलं, पोतं पेटलं, तेव्हा हातांनी बडवलं. महिपत आला, त्यानं बाटली उचलून आपटली, विझलं. अर्धा ढीग तोवर गेला.

मी तिला विचारलं, माय, तुला तर सगळं माहीत होतं. ती म्हणाली, "माहीत होतं रे. पन तो त्यांचा देव. मी हात लावला असता, आग इझली असती, अन् मंग? संध्याकाळी तुले धरून मारलं असतं तं?"

मग तिनं जे सांगितलं ते तुलाबी माहीत नसेल. आपल्या आज्याचा, मायच्या बापाचा खांदा. बैलानं मारलं म्हणून हात वर होत नव्हता, असंच आपण ऐकत आलो ना? बैल नव्हता. पोळ्याच्या दिवशी आपल्या डोमाजीमामानं, चार-पाच वर्षांचा असेल, गावच्या शेंदऱ्या दगडाला हात लावला. लहान मुलाला काय मारायचं, म्हणून गावानं बापाला मारलं, चावडीसमोर. माय तिथं उभी होती. तिचे देव पाण्यात गेले, आक्का, पण तो मार नाही गेला.

मी बाटलीवर काय काय लिहिलं! अन् माझी माय तिच्यासमोर उभी राहून दुसऱ्या कोणाला हाका मारत होती.

वामन


भीमपूर,
५ फेब्रुवारी १९९४

वामन,

'मायनं तर मुळीच नाही.' हे मी लिहिलं होतं. माझ्या नावानं वाचून दाखव, असंही लिहिलं होतं. ती माझं ऐकते, याचा मला मोठा तोरा होता. ऐकलं तिनं.

तीन दिवस झाले, शाळेत जाते, हजेरी घेते, परत येते, काय शिकवलं ते आठवत नाही. भाऊजी म्हणतात, तू चुकीचं काही लिहिलं नव्हतंस. मलाही ठाऊक आहे की चुकीचं नव्हतं. त्याचाच संताप येतो. चुकीचं असतं तर बरं झालं असतं.

ती पाटी उतरव. अर्धीच आहे ती. वस्तू काय आहे ते तू तीन भाषांत लिहिलंस, कोणी उचलायची ते एकाही भाषेत लिहिलं नाहीस. आणि तुला लिहू देणार नसतील तर ती नोकरी सोड. मायला घेऊन इकडे ये. मी शेत करीन, तुला पोशीन, पण त्या खांबाशी माय पुन्हा बसायची नाही.

चंद्रभागा भेटायला आली का? खरं सांग.

आक्का


आदिलाबाद,
२२ फेब्रुवारी १९९४

ती. आक्कास,
स. जय भीम.

चंद्रभागा आली होती. दवाखान्यात नाही, घरी आली, पट्टी सुटल्यावर. दाराशी उभी राहून मायच्या हातांकडे पाह्यलं अन् रडायलाच लागली. "बाई, उचलाचं होतं वो! मी काई म्हनलं असतं काय?" माय म्हणाली, "आज नाही म्हनत. तवा म्हनलं असतं." चंद्रभागा नाही म्हणाली नाही. मी तुझं पत्र खिशातून काढलं अन् पाटी अर्धी आहे, कोणी उचलायची ते लिहिलेलं नाही, एवढं वाचून दाखवलं. ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो तर ती रॉकेलचं फडकं घेऊन बाटलीचा शेंदूर काढत होती. बाया लांबून पाहत होत्या, एकीनं टोकलं, तर चंद्रभागा तिच्यावर वसकन ओरडली. महिपतनं बाटली नवी भरून आणली. शेठला काही विचारलंच नाही, अन् शेठनंबी काही विचारलं नाही. जुन्या पाटीखाली दुसरा पत्रा ठोकला. शब्द चंद्रभागेनं सांगितले, मी रंगवले: 'याले कोनीबी हात लावावा.' तिनं म्हटलं तसंच लिहिलं, मग खाली तेलुगूत अन् हिंदीत.

काल माय पाहायला आली. मी नको म्हटलं होतं, पण ऐकेल तर ती माय कसली. चंद्रभागेनं सगळ्या बायांना रांगेत उभं केलं अन् एकेकीला बाटलीला हात लावायला लावला. महिपतनं लावला, मी लावला. शेवटी म्हणाली, "ताराबाई, या आता तुमी."

माय पुढं गेली. पाटीकडे वर पाह्यलं. मी काय लिहिलं ते वाचून दाखवलं. तिनं हात काही उचलला नाही. चंद्रभागेला म्हणाली, "हे तं बाटलीचं झालं, बाई. तुह्या घरच्या पान्याच्या माठाले बी लिवलं काय असं?"

आक्का, मला वाटलं, आता भांडण होतं. चंद्रभागेचं तोंड लाल झालं, ती खाली पाहत राह्यली. महिपत उगाच मशिनीचा पट्टा ओढून पाहत होता. मग चंद्रभागा म्हणाली, "आईतवारी या. जेवाले. पानी तुमच्या हातानं घ्या."

माय हो म्हणाली नाही अन् नाही म्हणाली नाही. बाटलीला हात न लावता घरी आली. तुझ्याकडे यायचं काढलं तर म्हणते, आईतवार होऊ दे, मग पाहू. जाते की नाही, मला सांगता येत नाही. पण आज सकाळी तिनं ट्रंकेतलं चांगलं लुगडं काढलं. तिच्या हातांनी पिळता येत नाही, म्हणून मला धुवायला लावलं. आता ते दोरीवर वाळतंय अन् ती दर थोड्या वेळानं अंगणात जाऊन पाहून येते, वाळलं का म्हणून.

तुझा,
वामन